दिवसभर अंगावर वागवता येईल अशी गन कशी निवडायची: टेक्सासमधल्या मराठी माणसाचे अनुभवाचे बोल

ग्रीन कार्ड झालं, घर झालं, की आपल्या लोकांत कधी ना कधी हा विषय निघतोच. पॉटलकला जेवणं झाल्यावर कोणीतरी बाजूला घेऊन हळूच विचारतं, "कॅरी करायला गन घ्यायची म्हणतोय, कुठली घेऊ?" मी मॉडेल सांगत नाही. आधी विचारतो की रोज कपडे कसले घालता, गाडीत किती तास बसता, घरात लहान मुलं आहेत का, आणि हाताचा पंजा दाखवा जरा. कारण सोयीची गन दुकानाच्या काउंटरवर कळत नाही, ती कमरेला चौथ्या तासाला कळते.

माझी पहिली गन मी काउंटरवरच पसंत केली होती. मध्यम आकाराचं पिस्तूल, हातात मस्त बसलं, शूटिंग रेंजवर गोळ्या पण छान लागल्या. मग ह्यूस्टनहून डॅलसला गाडी चालवत निघालो, साधारण चार तासांचा रस्ता, आणि मागे उजवीकडे खोचलेलं ते पिस्तूल सीटच्या पाठीने असं काही रुतवलं की अर्ध्या वाटेत थांबून काढून लॉकबॉक्समध्ये ठेवावं लागलं. पुढचे तीन आठवडे "आज नको, उद्या" करत ते घरीच राहिलं. पिस्तुलात काही खोट नव्हती, माझं शरीर, माझा बेल्ट आणि माझा दिवस यांचा विचारच मी केला नव्हता.

गन बघण्याआधी कागद बघा

हे कंटाळवाणं वाटेल पण आपल्यासाठी हेच सगळ्यात महत्त्वाचं. एच-वन-बी, एच-फोर, एल-वन, एफ-वन, म्हणजे नॉन-इमिग्रंट व्हिसावर असाल तर फेडरल कायद्याने गन आणि गोळ्या दोन्ही जवळ बाळगायला मनाई आहे. हंटिंग लायसन्सवगैरे मोजके अपवाद आहेत, पण वकिलाला विचारल्याशिवाय त्यांच्या भरवशावर एक पाऊलही टाकू नका. मित्राबरोबर रेंजवर जाऊन भाड्याची गन हातात घेणं सुद्धा बाळगण्यातच धरलं जाऊ शकतं. ग्रीन कार्डवाले आणि सिटिझन यांना विकत घेता येते, दुकानातून हँडगन घ्यायला वय २१ लागतं, ४४७३ नंबरचा फॉर्म भरायचा आणि मग बॅकग्राउंड चेक. त्या फॉर्मवर खोटं लिहिणं हा मोठा गुन्हा आहे. गांजा ओढणाऱ्याला तुमच्या राज्यात मोकळीक असली तरी फेडरल कायद्यात नाही, आणि तो प्रश्न त्या फॉर्मवर आहेच. आणि ग्रीन कार्डवाल्यांनी एक गोष्ट पक्की डोक्यात ठेवावी, गनच्या गुन्ह्यात दोषी ठरलात तर देशाबाहेर काढण्यापर्यंत वेळ येऊ शकते. सिटिझन शेजाऱ्याला जी चूक दंडावर सुटते तीच आपलं घरदार मोडू शकते.

टेक्सासमध्ये १ सप्टेंबर २०२१ पासून २१ वर्षांवरच्या पात्र माणसाला लायसन्सशिवाय हँडगन बाळगता येते. तरी मी म्हणतो लायसन्स काढाच. क्लासमध्ये कायदा नीट समजतो, तीन, सात आणि पंधरा यार्डांवरून मिळून ५० गोळ्यांची परीक्षा होते त्यात आपला हात कुठे आहे ते कळतं, इतर बऱ्याच राज्यांत ते लायसन्स चालतं, आणि शाळेच्या १००० फुटांच्या पट्ट्याचा जो फेडरल कायदा आहे त्यात राज्याचं लायसन्स असणाऱ्याला सूट आहे. मुलांना रोज शाळेत सोडणाऱ्यांनी हे वाचून सोडून देऊ नये. "चालतं" म्हणजे सगळीकडे चालत नाही, न्यू जर्सी दुसऱ्या कुठल्याच राज्याचं परमिट मानत नाही. एडिसनला मावशीकडे निघालात तर गन घरी. टेक्सासमध्येही शाळा, कोर्ट, ५१ टक्केची पाटी (निम्म्याहून जास्त कमाई दारूची) असलेले बार, दारावर ३०.०६ किंवा ३०.०५ ची, म्हणजे गन आत आणू नका अशी, पाटी लावलेली दुकानं, यांचे नियम पाठ पाहिजेत. आणि पार्टीत एक पेग घेणार असाल तर त्या दिवशी गन नाहीच.

अजून एक, मनापासून सांगतोय. अमेरिकेत गनने होणाऱ्या मृत्यूंपैकी निम्म्याहून जास्त आत्महत्या असतात. घरात कोणी डिप्रेशनमधून जात असेल, नोकरी जाऊन खचलेलं असेल, टीनएजर मुलगा गप्प गप्प असेल, तर सध्या घरात गन आणू नका. सहा महिने, वर्ष थांबलात तर काही बिघडत नाही.

लपते काय आणि दिसते काय

नवीन माणसाला वाटतं की छोटी नळी म्हणजे लपायला सोपी. खरं उलटं आहे. नळी तर पँटच्या आत जाते, कपड्यातून उठून दिसते ती ग्रिप, म्हणजे मूठ. वाकलात की मुठीचं टोक शर्टला तंबूसारखं उचलतं, याला प्रिंटिंग म्हणतात. उदाहरण देतो. ग्लॉक १९ आणि ग्लॉक ४३एक्स, दोन्हीची उंची १२८ मिलिमीटर, म्हणजे मूठ तेवढीच लांब. फरक जाडीत आहे, १९ साधारण ३४ मिलिमीटर आणि ४३एक्स २८. हे सहा मिलिमीटर कागदावर काहीच वाटत नाहीत, पण पँटच्या आत पोटाला टेकलेल्या वस्तूत ते दुपारपर्यंत चांगलेच जाणवतात. शर्टाखालून मूठ दिसण्याचा त्रास मात्र दोन्हींचा जवळपास सारखा. मूठच छोटी हवी असेल तर सिग पी३६५ सारखं पिस्तूल बघा, उंची साधारण १०९ मिलिमीटर, रिकाम्या मॅगझिनसकट (गोळ्या भरायची पेटी) वजन ५०० ग्रॅमच्या आसपास आणि तरी मॅगझिनमध्ये १० गोळ्या. २०१८ मध्ये ते आलं तेव्हापासून एवढ्या लहान आकारात एवढ्या गोळ्या बसवण्याची कंपन्यांत चढाओढच लागली, स्प्रिंगफील्ड हेलकॅट, स्मिथ अँड वेसन शील्ड प्लस ही सगळी त्याच माळेतली.

आता वजन. इथे मोठी फसगत होते. हलकी गन दिवसभर वागवायला सुखाची पण चालवायला त्रासाची, आणि जड गन बरोबर उलटी. रुगर एलसीपी सारखं खिशात मावणारं पिस्तूल रिकामं असताना पावणेतीनशे ग्रॅमच्या आसपास भरतं, खिशात आहे की नाही तेही कळत नाही, पण गोळी सुटली की एवढ्याशा वजनाला तो झटका पेलत नाही आणि सगळा तुमच्या तळहातात येतो. ग्लॉक १९ भरलेल्या मॅगझिनसकट साधारण ८५० ग्रॅम, चालवायला एकदम शांत, पण ते कमरेला दहा तास हवं की नको हे ज्याचं त्याने ठरवायचं. माझं मत स्पष्ट आहे, बहुतेकांसाठी ५०० ते ६५० ग्रॅमचं, सडपातळ, नऊ एमएमचं पिस्तूल हा मधला मार्ग. त्याहून हलकं घ्यायचं तर नियमित सराव करणाऱ्यानेच घ्यावं, आणि दुकानदार नवख्याला, विशेषतः बाईमाणसाला, सगळ्यात छोटी गन पुढे करतो तेव्हा नम्रपणे नाही म्हणावं.

हे मी बायकोबरोबर डोळ्यांनी बघितलंय. तिला कोणीतरी सांगितलं होतं की बायकांसाठी छोटं रिव्हॉल्व्हर बरं, साधं असतं, अडकत नाही. रेंजवर जाऊन पाच गोळ्यांचं, चारशे ग्रॅमच्या आसपासचं .३८ स्पेशलचं रिव्हॉल्व्हर भाड्याने घेतलं. पहिली गोळी सुटली आणि अंगठा आणि तर्जनीच्या मधली कातडी लाल. दुसऱ्या गोळीला तिने डोळे मिटले. तिसरी टार्गेटच्या कागदावरच नव्हती. चौथी तिने झाडलीच नाही, गन खाली ठेवली, हात चोळला आणि म्हणाली, "हे मला नको." त्याच दिवशी तिने नऊ एमएमचं शील्ड ईझेड चालवून बघितलं, रिकामं साडेसहाशे ग्रॅमच्या वर वजन, स्लाइड, म्हणजे वरचा सरकणारा भाग, ओढायला मुद्दाम हलकी केलेली, आणि पहिल्या मॅगझिनच्या सगळ्या गोळ्या कागदावर. तिचे हात तेच, ताकद तीच. रिव्हॉल्व्हर वाईट असतं असं नाही, पण छोट्या हलक्या रिव्हॉल्व्हरचा ट्रिगर जड आणि लांब असतो, ते अनुभवी हाताचं काम.

हातात घेऊन काय तपासायचं

दुकानात गन हातात देण्याआधी दुकानदार स्लाइड मागे ओढून रिकामी असल्याचं दाखवेल, तुम्ही परत स्वतः डोळ्यांनी आणि बोटाने खात्री करा, नळीचं तोंड कोणाकडेही नको, बोट ट्रिगरच्या बाहेर. मग नेहमी चालवता तशी पक्की मूठ धरा. अंगठा-तर्जनीमधली खोबण स्लाइडच्या अगदी खाली, जितकी वर जाईल तितकी वर. आता बघा की नळी मनगटाच्या रेषेत सरळ आहे की हात वळवून ट्रिगर गाठावा लागतोय. तर्जनीच्या पहिल्या पेराचा मधला भाग ट्रिगरवर आरामात आला पाहिजे. टोकच पोचत असेल तर मूठ जाड आहे, दुसऱ्या पेरापर्यंत आत जात असेल तर हातासाठी गन बारीक आहे. करंगळीला जागा आहे का? लोंबकळणारी करंगळी वाटते क्षुल्लक, पण प्रत्येक गोळीनंतर मूठ सरकते ती तिच्यामुळेच. काही गन्सना लांब तळाचं मॅगझिन मिळतं त्याने करंगळी बसते, मात्र मूठ तेवढी लांब झाली की लपवण्याचं गणितही बदलतं.

स्लाइड ओढता येत नाही म्हणून अनेक जण, खास करून आपल्या वयस्क बायका, हार मानतात. बऱ्याचदा ताकद कमी नसते, पद्धत चुकते. हात लांब करून दोन बोटांच्या चिमटीत ओढू नका, गन छातीजवळ घ्या, नळी समोर सुरक्षित दिशेला, डाव्या हाताने स्लाइड वरून पूर्ण पंजाने धरा आणि उजव्या हाताने गन पुढे ढकला. ओढण्यापेक्षा ढकलताना अंगाचा जोर जास्त मिळतो. तरी जमत नसेल, संधिवात असेल, तर ईझेड सारखी हलक्या स्प्रिंगची गन बघा किंवा .३८० कॅलिबरची (कॅलिबर म्हणजे गोळीचं माप). एक लक्षात ठेवा, एकाच कॅलिबरमध्ये गन जितकी छोटी तितकी स्प्रिंग सहसा जास्त कडक.

कॅलिबरवर लोक रात्रभर वाद घालतात, मी दोन वाक्यांत संपवतो. १९८६ च्या मायामीतल्या चकमकीनंतर एफबीआय मोठ्या गोळ्यांकडे वळली आणि गेल्या दशकात परत नऊ एमएमवर आली, कारण नव्या गोळ्या सुधारल्या आणि नऊ एमएमने माणसं जास्त नीट नेम धरतात. सरावाला साधी, पूर्ण धातूच्या कवचाची एफएमजे गोळी, कॅरीला हॉलो पॉइंट, म्हणजे पोकळ टोकाची, जी आरपार जाऊन मागच्या निरपराध माणसाला लागण्याचा धोका कमी करते.

मग रेंज. विकत घेण्याआधी भाड्याने निदान ५० गोळ्या चालवा, दहा नाही. पहिल्या दहा सगळ्यांनाच आवडतात, खरी गंमत तीस-चाळीसच्या पुढे कळते, तेव्हा मनगट काय म्हणतंय ते ऐका. दोन-तीन मॉडेल एकाच दिवशी चालवलीत तर तुलना पक्की होते. चाळिशीनंतर नेम धरायची पुढची माशी अंधुक दिसते, प्रोग्रेसिव्ह चष्म्यात तर मान वर करून शोधावी लागते, अशांनी रेड डॉट, म्हणजे लाल ठिपक्याने नेम दाखवणारी काच, बसवता येईल असं मॉडेल घ्यावं. मला स्वतःला त्याचा खूप फायदा झाला.

होल्स्टर आणि बेल्ट, खरी सोय इथे आहे

लोक गनवर पाचशे-सहाशे डॉलर घालतात आणि होल्स्टर, म्हणजे गन ठेवायचं म्यान, वीस डॉलरचं, कापडी, सगळ्या गन्सना चालणारं. असं करू नका. होल्स्टरला माझ्या लेखी तीन अटी आहेत, त्यातली एकही सोडू नये. ट्रिगर पूर्ण आणि कडक भिंतीने झाकला गेला पाहिजे. गन काढल्यावर तोंड उघडंच राहिलं पाहिजे. रिकामी गन घालून उलटं धरून हलवलं तर पडता कामा नये. कायडेक्सचं, म्हणजे कडक प्लास्टिकचं, तुमच्या नेमक्या मॉडेलसाठी बनवलेलं घ्या. चामड्याचं अंगाला मऊ, पण जुनं होऊन तोंड आत दुमडलं की ती दुमड गन घालताना ट्रिगरमध्ये शिरू शकते, म्हणून अधूनमधून तपासायचं.

जागा घड्याळाच्या आकड्यांनी सांगतात. बेंबी म्हणजे बारा. तीन ते पाच म्हणजे उजवं कुल्हं आणि त्याच्या मागे, ही जागा उभं राहणाऱ्या, फिरणाऱ्या माणसाला बरी. बारा ते एक म्हणजे ॲपेंडिक्स, पुढे, इथे गन छान लपते आणि हातही लवकर पोचतो, पण नळी मांडीच्या मोठ्या धमनीकडे असते, तेव्हा गन परत ठेवताना घाई म्हणजे जिवाशी खेळ. शर्ट बाजूला, नजर होल्स्टरवर, सावकाश. पोट सुटलेल्यांना ॲपेंडिक्स जमत नाही असं सगळे म्हणतात, ते पूर्ण खरं नाही. होल्स्टर एक-दोन सेंटिमीटर बाजूला सरकवून, मागे फोमचा छोटा वेज लावून आणि मूठ अंगाकडे दाबणारा क्लॉ बसवून बऱ्याच जणांचं काम होतं. आणि इथे थोडी लांब नळी उलट मदत करते, खालचं वजन बेल्टखाली राहिल्यामुळे वरची मूठ बाहेर कलंडत नाही.

बेल्ट खास गनसाठीचा, ताठ. साधा ऑफिसचा बेल्ट वजनाने वळतो, गन लोंबते, मग आपण तो करकचून आवळतो आणि संध्याकाळी कंबर दुखते. माझं अर्धं दुखणं नुसता बेल्ट बदलून गेलं. पँटही कमरेत एक-दोन इंच सैल घ्या.

कुर्ता-पायजमा किंवा लेगिंग घालणाऱ्यांना बेल्टच नसतो. त्यांच्यासाठी बेली बँड असतो, पोटाभोवतीचा रुंद इलॅस्टिक पट्टा, पण ट्रिगरवर कडक कवच असलेलाच घ्या, नुसतं इलॅस्टिक नको. आणि पर्समध्ये गन नको, हे मी हात जोडून सांगतो. २०१४ च्या डिसेंबरमध्ये आयडाहोमधल्या एका सुपरमार्केटमध्ये दोन वर्षांच्या मुलाने आईच्या पर्समधली गन काढली आणि त्यात आई गेली. पर्स आपण खुर्चीवर, कार्टमध्ये, कोणाच्याही बेडवर ठेवतो, अंगावरची गोष्ट अंगावरच राहते. खिशात ठेवायची असेल तर पॉकेट होल्स्टरमध्येच, आणि त्या खिशात दुसरं काहीही नाही, किल्ली नाही, पेन नाही.

घरातला आठवडा

घेतली म्हणून लगेच बाहेर निघू नका. एक आठवडा घरात, गन रिकामी, गोळ्या दुसऱ्या खोलीत कुलपात, दोनदा तपासून होल्स्टरमध्ये घाला आणि रोजची कामं करा. माझ्या काही परीक्षा आहेत. वीस पाउंडांची कणकेची पिशवी जमिनीवरून उचला, शर्ट वर जातोय का ते बायकोला बघायला सांगा. बुटाची नाडी बांधा. गाडीत सीट बेल्ट लावून अर्धा तास बसा. मग मांडी घालून बसा. हे आपल्या लोकांनी नक्की करावं, कारण इथल्या कुठल्याच व्हिडिओत ते नसतं, सत्यनारायणाला तासभर मांडी घातली की ॲपेंडिक्सचं होल्स्टर मांडीत कसं घुसतं ते बसल्याशिवाय कळत नाही. तसंच मोठ्यांच्या पाया पडताना वाकणं, मागे खोचलेली मूठ कुर्त्यातून लगेच उठते. मंदिरात किंवा कोणाच्या घरी जाताना त्यांची पाटी, त्यांची इच्छा काय आहे ते आधी माहीत पाहिजे. यजमानांना नको असेल तर गाडीत बसवलेल्या लॉकबॉक्समध्ये.

टॉयलेटची पण सवय करा. सार्वजनिक टॉयलेटमध्ये गन काढून बाजूला ठेवली आणि विसरली असे प्रकार होतात. होल्स्टर पँटला तसंच राहू द्या, गन बाहेर काढायची नाही, शेजारच्या स्टॉलमधून दिसणार नाही इतकी पँट वर धरा.

सात दिवसांत जिथे वळ उठला, कातडी सोलली, ते लिहून ठेवा आणि होल्स्टरचा स्क्रू, उंची, कोन एकेक करून बदला, सगळं एकदम नाही. ह्यूस्टनच्या दमट हवेत आत बनियन हवाच, घामाने कातडी आणि लोखंड दोन्ही खराब होतात, रात्री कोरड्या फडक्याने पुसून तेलाचा हलका हात. हे झालं की रेंजवर किमान २०० साध्या गोळ्या आणि जी कॅरी करणार त्या हॉलो पॉइंटच्या ५० गोळ्या, न अडकता चालल्या तरच ती गन बाहेर न्यायची. नंतर महिन्यातून एकदा तरी रेंज.

संध्याकाळी गन कुठे जाते

अंगावर नाही तेव्हा सेफमध्ये, याला तिसरा पर्याय नाही. कपाटाच्या वरचा कप्पा, गादीखाली, "मुलांना माहीत नाही", असं काही नसतं, मुलांना सगळं माहीत असतं. टेक्सासमध्ये तुमच्या निष्काळजीपणामुळे १७ वर्षांखालच्या मुलाच्या हाती भरलेली गन लागली तर तो तुमचा गुन्हा आहे. पलंगाशेजारी बोटाच्या ठशाने उघडणारी छोटी सेफ, भिंतीला किंवा पलंगाला स्क्रूने जखडलेली, एवढं पुरतं. भारतातून आई-बाबा सहा महिने येतात, ते व्हिजिटर व्हिसावर, म्हणजे नॉन-इमिग्रंटच, असतात, म्हणून सेफचा कोड त्यांनाही सांगायचा नाही. आणि नातवाला सांभाळायला घरात तेच असतात म्हणून गन घरात आहे, सेफला हात लावायचा नाही, हे त्यांना स्पष्ट सांगायचं.

शेवटचं, इंडियाला जाताना. रेंजला नेलेली बॅग प्रवासाला वापरू नका, कधीच नाही. एखादी गोळी अस्तराच्या फटीत राहते आणि मुंबई विमानतळाच्या स्कॅनरवर दिसते, मग आर्म्स ॲक्ट १९५९ खाली केस, पोलीस स्टेशन, वकील, तिकीट गेलं ते वेगळंच, "चुकून राहिली" हे कोर्टात सिद्ध करत बसावं लागतं. माझी रेंजची बॅग लाल रंगाची आहे आणि ती गराजच्या बाहेर फक्त रेंजसाठीच जाते. जॅकेट आणि जीन्सचे खिसे मात्र निघायच्या आदल्या रात्री मी जमिनीवर चादर अंथरून उलटे करून झटकतो, बायको टॉर्च धरते, आणि त्यानंतरच बॅग भरायला घेतो.